मानमोडीची वंशावळ आणि मराठवाड्याचे दप्तर

इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनदा आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. मराठवाड्याची कथा सांगू लागलो तर प्रतिष्ठानच्या सातवाहनांपासून देवगिरीच्या यादवांपर्यंत, तेथून निजामाच्या राजवटीपर्यंत आणि अखेर १७ सप्टेंबर १९४८ या मुक्तिदिनापर्यंत आपण सहज येऊन पोहोचतो. या लांब वाटेवर एक शत्रू असा येऊन गेला की ज्याने कोणताही किल्ला घेतला नाही, खंडणी मागितली नाही, आणि तरीही अवघ्या काही आठवड्यांत घरेच्या घरे ओस पाडली. आपल्या ग्रंथांत त्याला एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळालेली नाही. श्वासावाटे पसरणारा ताप हा तो शत्रू. १९१८ साली तो आला तेव्हा मराठी मुलखाने त्याला ‘मानमोडी’ हे नाव दिले. मान मोडून माणसाला खाली पाडणारा, म्हणून मानमोडी. डॉक्टरांचे ‘इन्फ्ल्यूएंझा’ हे नाव इटालियन भाषेतले. ग्रहताऱ्यांचा प्रभाव असा त्याचा मूळ अर्थ. दोहोंत आपले नाव अधिक नेमके आहे, असे म्हणायला हरकत नाही.

या शत्रूचा इतिहास लिहायचा तर साधने कोणती? इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून अस्सल कागदावाचून इतिहास नाही ही गोष्ट आपण मान्य केलेली आहे. साथीलाही कागद असतात आणि ते दोन प्रकारचे असतात. पहिला माणसाने लिहिलेला: मृत्यूची नोंद, शिरगणतीचा तक्ता, दवाखान्याची वही. दुसरा कागद विषाणू स्वतःच लिहीत जातो, आपल्या देहातल्या रासायनिक अक्षरांनी. हा दुसरा कागद वाचण्याची विद्या गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतली आहे. या दोन कागदांचा मेळ नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांपुरता घालून पाहावा, एवढाच या निबंधाचा हेतू आहे. त्यातून जो निष्कर्ष निघतो तो आरंभीच सांगून टाकतो. साथ सर्वांना सारखीच गाठते, पण तिचा इतिहास ज्याने नोंद ठेवली त्याच्याच खात्यावर जमा होतो. आणि पुष्कळदा नोंद ठेवणाऱ्यालाच तिचा दोषही पत्करावा लागतो.

विषाणूचा कागद कसा वाचतात हे समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. पैठणला गेले तरी पुरे. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यानंतर तीनशे वर्षांत तिच्या नकलांमागून नकला झाल्या. प्रत्येक लेखकाच्या हातून कोठे अक्षर सुटले, कोठे ओवी शिरली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या मागेही हाच विचार होता. दोन पोथ्यांत एकच चूक एकाच जागी आढळली, तर त्या दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या असण्याचा संभव मोठा. अशा सामाईक चुकांच्या आधाराने पोथ्यांची वंशावळ मांडता येते: ही प्रत आई, या दोन तिच्या लेकी, ही चुलत घराण्यातली.

विषाणूच्या बाबतीत नेमके असेच घडते. त्याची पोथी चार अक्षरांच्या वर्णमालेत लिहिलेली असते. इन्फ्ल्यूएंझाची पोथी सुमारे साडेतेरा हजार अक्षरांची, आणि तीही आठ सुट्या पानांत विभागलेली. कोरोनाची पोथी सुमारे तीस हजार अक्षरांची, पण एकसंध. विषाणू आपल्या घशातील किंवा फुप्फुसातील पेशीत शिरतो आणि तिच्याकडून आपल्या लक्षावधी नकला काढून घेतो. इन्फ्ल्यूएंझाचा लेखक लिहिलेले पुन्हा वाचून पाहत नाही, म्हणून त्याच्या नकलांत चुका पुष्कळ. कोरोनाच्या लेखकाजवळ लिहिलेले तपासणारा एक शोधक बसलेला असतो, म्हणून त्याच्या चुका तुलनेने कमी. बहुतेक चुका निरर्थक असतात आणि काही विषाणूलाच मारक ठरतात. परंतु लाखांतली एखादी चूक त्याच्या कामी येते. ती त्याला पेशीला अधिक घट्ट चिकटू देते, किंवा आधीच्या आजाराने आपल्या रक्तात तयार झालेल्या पहारेकऱ्यांना चकवू देते. अशी चूक असलेली नक्कल पुढे सरसावते, बाकीच्या मागे पडतात आणि नवा वाण रूढ होतो.

इन्फ्ल्यूएंझाजवळ आणखी एक युक्ती आहे. त्याची पाने सुटी असल्यामुळे एकाच प्राण्याच्या एकाच पेशीत दोन निराळे विषाणू शिरले, तर एकाची पाने दुसऱ्याच्या पोथीत मिसळू शकतात. पाणपक्ष्याचे एखादे पान माणसाच्या विषाणूत आले की, ज्याची ओळख कोणाच्याच रक्ताला नाही असा परका एकदम दारात उभा राहतो. अक्षराअक्षराने होणारा बदल हळू असतो. पानांची अदलाबदल म्हणजे क्रांती. एच१एन१, एच३एन२ अशी नावे आपण वर्तमानपत्रांत वाचतो, ती या विषाणूच्या पृष्ठभागावरील दोन प्रथिनांवरून पडली आहेत. ‘एच’ हे पेशीचे कुलूप उघडून आत शिरण्याचे साधन, आणि ‘एन’ हे नव्या नकलांना पेशीपासून सोडवून बाहेर नेण्याचे.

आता १९१८ कडे वळू. त्या वर्षाच्या जून महिन्यात मुंबईच्या गोदीवर पहारा करणारे सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून इस्पितळात दाखल झाले, तो दिवस १० जूनचा. महायुद्ध चालू होते आणि जहाजांची ये-जा अखंड होती. ही पहिली लाट सौम्य ठरली. पावसाळा त्या वर्षी फसला, धान्य महागले, आणि सप्टेंबरात दुसरी लाट आली ती निराळीच. पहिल्या लाटेने प्रामुख्याने म्हातारे आणि तान्ही मुले नेली होती. दुसरीने वीस ते चाळीस या वयातली कर्ती माणसे उचलली. स्त्रिया पुरुषांहून अधिक मेल्या. घरातल्या आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांच्याच माथी होती आणि पोटात अन्न कमी होते. ६ ऑक्टोबर रोजी एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. हिंदुस्थानात या साथीने किती बळी घेतले याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. महायुद्धात रणांगणावर पडलेल्या सर्व देशांच्या सैनिकांची संख्या कोटीच्या आसपास धरतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा भार कळतो.

त्या काळच्या डॉक्टरांना शत्रू कोण हेच ठाऊक नव्हते. फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ साली सांगितलेल्या एका जिवाणूवर सगळ्यांचा संशय होता आणि तो खोटा होता. माणसाच्या इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू लंडन येथे सापडला १९३३ साली, म्हणजे मानमोडी येऊन गेल्यावर पंधरा वर्षांनी.

मराठवाड्यात ही साथ कोणत्या वाटांनी येऊ शकत होती? नांदेड हे मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीवरून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या गोदावरी खोऱ्याच्या मीटरमापी रेल्वेवर होते. ही रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच सुरू झालेली. लातूर त्या वेळी उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातले बाजारपेठेचे गाव. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ मध्ये आणि लातूरला १९११ मध्ये पोहोचली. कुर्डुवाडी आणि मनमाड ही दोन्ही स्टेशने मुंबईच्या थोरल्या लोहमार्गावरची. तेव्हा मुंबईच्या गोदीपासून नांदेडच्या घाटापर्यंत आणि लातूरच्या आडत बाजारापर्यंत रूळ अंथरलेलेच होते. धान्य, कापूस आणि माणूस ज्या वाटेने जातो त्याच वाटेने श्वासाचा आजारही जातो. त्याला निराळे तिकीट काढावे लागत नाही.

येथेच आपल्या दप्तरातली पहिली रिकामी जागा लागते. सिद्धार्थ चंद्रा आणि ईव्हा कॅसेन्स-नूर या दोन अभ्यासकांनी २०१४ साली एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. १९१८ च्या दुसऱ्या लाटेत हिंदुस्थानच्या नऊ प्रांतांतील दोनशेहून अधिक जिल्ह्यांत आठवड्यागणिक झालेल्या मृत्यूंच्या नोंदी त्यांनी मांडून पाहिल्या. पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकताना साथीचे रूप बदलत गेले, असे त्यांना दिसून आले. मुंबई इलाख्यात लाट उंच आणि थोड्या दिवसांची होती. पूर्वेकडे ती बुटकी आणि लांबट झाली. हवामान, अन्न, वस्तीची दाटी यांचा त्यात वाटा असू शकतो. पण वाटचालीत विषाणूच बदलत गेला असावा आणि अतिशय मारक वाण मागे पडून सौम्य वाण पुढे गेला असावा, असाही अर्थ त्यातून निघतो. बळी घरातच खिळून राहिला तर आजार पुढे पोहोचवायला कोणी उरत नाही. तापातही हिंडणारा माणूसच त्याचा खरा वाहक.

परंतु हे प्रांत ब्रिटिश मुलखातले. त्यांचे आकडे होते, म्हणून त्यांचा इतिहास लिहिता आला. बार्शीपर्यंत इंग्रजी अंमल, आणि त्याच गाडीने पुढे लातूरला गेले की निजामाचा. गाडी सरहद्द ओलांडून गेली, आजारालाही कोणी सरहद्दीवर अडवले नसणार; त्या आठवड्यागणिक तक्त्यातली रेघ मात्र तेथेच थांबली. आपल्या वाट्याला उरते ती केवळ शिरगणती. हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे १ कोटी ११ लाख होती, ती १९११ मध्ये १ कोटी ३३ लाख ७४ हजारांच्या वर गेली. १९२१ च्या शिरगणतीत ती १ कोटी २४ लाख ७१ हजारांवर आली. दहा वर्षांत नऊ लाख माणसे वाढण्याऐवजी कमी झाली. त्यात प्लेग आणि दुष्काळाचाही वाटा आहे, तरी त्या दशकाचा सर्वांत मोठा घाव मानमोडीचाच. म्हणजे आपल्या इतिहासाचे साधन काय, तर एक वजाबाकी! कोणत्या गावात कोणत्या आठवड्यात किती दिवे विझले, हे ती वजाबाकी सांगत नाही.

मग विषाणूने लिहिलेला दुसरा कागद तरी मिळेल का? अलास्कातील ब्रेव्हिग मिशन नावाच्या गावाची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये त्या लहानशा गावातील ७२ माणसे पाच दिवसांत मेली आणि बारमाही गोठलेल्या मातीत पुरली गेली. योहान हुल्टिन नावाच्या संशोधकाने १९५१ साली तेथे जाऊन प्रेतांच्या फुप्फुसांतून विषाणू जिवंत करण्याचा यत्न केला आणि तो फसला. तोच माणूस वयाच्या बहात्तराव्या वर्षी, १९९७ साली, पुन्हा तेथे गेला आणि गोठलेल्या फुप्फुसाचे तुकडे घेऊन आला. अमेरिकेतील टॉबेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तुकडे आणि लष्करी संग्रहालयात जपलेले नमुने यांवरून १९१८ च्या विषाणूची आठही पाने २००५ पर्यंत वाचून काढली. मानमोडीचा वाण एच१एन१ होता, ही गोष्ट अशा रीतीने सिद्ध झाली. आपल्याकडे बर्फ नाही. आपली बहुतेक माणसे चितेवर गेली, राख गोदावरीला मिळाली. जी पुरली गेली ती उष्ण, ओल्या काळ्या मातीत. मराठवाड्यात जो वाण आला तो मुंबईच्या सप्टेंबरातलाच होता की वाटेत बदललेला, हे सांगणारा कागद अग्नीने आणि मातीने केव्हाच गिळून टाकला.

येथे नावाचाही एक धडा आहे. या साथीला जगाने ‘स्पॅनिश फ्ल्यू’ म्हटले. स्पेन महायुद्धात नव्हता, म्हणून तेथील वर्तमानपत्रांवर युद्धाचा निर्बंध नव्हता. त्यांनी आजाराच्या बातम्या मोकळेपणाने छापल्या आणि त्याबद्दल बक्षीस म्हणून आजारच त्यांच्या नावावर चढला. लढणाऱ्या देशांनी आपापले रुग्ण झाकून ठेवले आणि ते निर्दोष राहिले. नोंद ठेवण्याची शिक्षा ही अशी जुनी आहे.

मानमोडीचे पुढे काय झाले? ती मेली नाही. तिचा वंश वाढला. तिचेच वंशज पुढे चाळीस वर्षे दर हंगामी फ्ल्यूच्या रूपाने माणसांत फिरत राहिले. १९५७ साली चीनमध्ये एक नवा वाण प्रकटला. मानमोडीच्या वंशातली पाच पाने तशीच राहून तीन पाने पक्ष्यांच्या विषाणूंची आली होती; हा एच२एन२. मे १९५७ मध्ये सिंगापूरहून मद्रासला आलेल्या ‘रजुला’ जहाजावर आजारी माणसे होती आणि तेथून तो देशभर पसरला. या वेळी मात्र आपली तयारी निराळी होती. कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत जागतिक आरोग्य संघटनेचे इन्फ्ल्यूएंझा केंद्र १९५० पासून चालू होते, आणि पुण्याला विषाणू संशोधन केंद्र १९५२ मध्ये स्थापन झाले होते; त्यालाच पुढे १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था हे नाव मिळाले. मे १९५७ ते फेब्रुवारी १९५८ या काळात देशात ४४ लाखांहून अधिक रुग्ण आणि सुमारे ११०० मृत्यू नोंदले गेले. योगायोग असा की, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला होता. बार्शी आणि लातूर आता एकाच राज्याच्या कारभारात होती. कागदाच्या वाटेतली सरहद्द गेली होती.

१९६८ मध्ये पुन्हा दोन पाने बदलली आणि हाँगकाँगचा एच३एन२ आला. त्याचे वंशज आजही दर वर्षी आपल्याला खोकायला लावतात. २००९ साली ‘स्वाइन फ्ल्यू’ म्हणून जो एच१एन१ आला, त्यात पक्षी, माणूस आणि डुक्कर या तिघांच्या विषाणूंची पाने होती. त्यातले ‘एच’चे पान डुकरांत जपून राहिलेल्या मानमोडीच्याच घराण्यातले. भारतातला पहिला रुग्ण मे महिन्यात हैदराबादेस सापडला आणि देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. नांदेड-लातूरची असंख्य मुले आणि मजूर शिक्षणासाठी, कामासाठी याच दोन शहरांकडे जातात. एका बाजूला हैदराबाद आणि दुसऱ्या बाजूला पुणे, या दोहोंच्या मध्ये हे दोन जिल्हे वसलेले आहेत. दोन्हीकडचे वारे त्यांना लागतात.

त्या वर्षी एक विलक्षण गोष्ट जगभर दिसली. म्हाताऱ्या माणसांना हा ताप तरुणांच्या मानाने कमी झाला. लहानपणी मानमोडीच्या वंशातल्या विषाणूशी त्यांची गाठ पडली होती आणि त्यांच्या रक्ताने ती ओळख जपून ठेवली होती. २००८ साली अमेरिकेत नव्वदी ओलांडलेल्या काही माणसांचे रक्त तपासले, तेव्हा १९१८ च्या विषाणूला अडवणारी प्रतिपिंडे त्यांच्या रक्तात नव्वद वर्षांनंतरही सापडली. राजाचे दप्तर जळते, गावाची वही वाळवी खाते. पण माणसाच्या रक्ताचे दप्तर तो जिवंत असेतो शाबूत राहते.

कोरोना हे निराळे कुळ. त्याचा मानमोडीशी रक्ताचा संबंध नाही, पण वाटा त्याच. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला तेव्हा नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात आलेले सुमारे चार हजार यात्रेकरू तेथेच अडकले. १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी गोदाकाठी देह ठेवला, तेव्हापासून पंजाब आणि नांदेड यांमध्ये अखंड वाहणारी ही यात्रेची वाट. एप्रिलच्या अखेरीस बसगाड्यांनी ही माणसे पंजाबात परतली आणि तपासणीत त्यांतील एक हजाराहून अधिक बाधित निघाली. मग वाद पेटला: आजार नांदेडला जडला, की प्रवासात, की परतल्यावर? दोन राज्यांतून भाषणे झाली, आरोप झाले. अशा प्रश्नाचे उत्तर भाषणाने मिळत नाही. नांदेडचे, वाटेवरचे आणि पंजाबचे पुरेसे नमुने घेऊन त्यांच्या पोथ्या शेजारी शेजारी मांडल्या, तर सामाईक चुका उत्तर देतात. तसे नमुने हाताशी नसतील तर उरतो तो केवळ एकमेकांवरचा राग.

पुढच्या वर्षी या विद्येची कसोटी आपल्याच मुलखात लागली. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती आणि अकोल्याकडे रुग्ण वाढू लागले. मार्चअखेर देशात सर्वाधिक उपचाराधीन रुग्ण असलेल्या दहा जिल्ह्यांत नांदेडचे नाव पुणे-मुंबईच्या पंक्तीस जाऊन बसले आणि जिल्ह्यात टाळेबंदी पुकारावी लागली. २४ मार्च रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की, महाराष्ट्रातील नमुन्यांत दोन विशिष्ट बदल असलेल्या विषाणूचे प्रमाण वाढत आहे. विषाणूच्या काट्यावर, म्हणजे पेशीला चिकटणाऱ्या प्रथिनावर, जे मणी ओवलेले असतात, त्यांतील ४५२ वा आणि ४८४ वा असे दोन मणी बदलले होते. वर्तमानपत्रांनी त्याला ‘दुहेरी उत्परिवर्तन’ म्हटले आणि परदेशी पत्रांनी ‘भारतीय विषाणू’.

पोथीचा न्याय येथे पुन्हा उपयोगी पडतो. बी.१.६१७ असे क्रमांकाचे नाव मिळालेल्या या घराण्याच्या शाखा होत्या. पहिल्या शाखेत ४५२ आणि ४८४ हे दोन्ही मणी बदललेले. दुसऱ्या शाखेत ४५२ वा बदललेला, पण ४८४ वा मूळचाच, आणि त्याऐवजी ४७८ वा निराळा. महाराष्ट्रात आधी डोळ्यांत भरली ती पहिली शाखा; पुढे सारे जग पादाक्रांत केले ते दुसऱ्या शाखेने. म्हणजे ज्या प्रतीवर प्रथम बोट ठेवले गेले ती जगज्जेत्या प्रतीची आई नव्हे, बहीण होती. जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी पहिलीला कप्पा आणि दुसरीला डेल्टा ही ग्रीक अक्षरांची नावे दिली. देशांच्या नावाने विषाणूंना हाक मारू नये, नाही तर कोणताही देश आपला विषाणू दाखवणार नाही, हा त्यामागचा विचार. स्पेनला झालेल्या शिक्षेवर शंभर वर्षांनी निघालेला हा तोडगा.

तोडगा निघाला तरी खोड गेली नाही. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेने नव्या वाणाची खबर जगाला तत्परतेने दिली. त्याचेच नाव ओमिक्रॉन. आभार मानायचे सोडून अनेक देशांनी काही दिवसांतच तेथून येणारी विमाने बंद केली. वाण थांबला नाही. तीन आठवड्यांच्या आत तो लातुरात परदेशातून परतलेल्या एका व्यक्तीत सापडला. हा डेल्टाचा मुलगा नव्हता. एका जुन्याच फांदीवर, कोणाचे लक्ष नसताना, पुष्कळ चुका साठवीत तो वाढला होता. जेथे पाहणारा नसतो तेथेच वंशावळीतील मोठी उडी झाकलेली असते.

एखादा वाण प्रथम कोठे आढळला आणि तो कोठे जन्मला, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्याला हे कळायला हरकत नाही; कारण एखाद्या कवीची सर्वांत जुनी प्रत तंजावरास सापडली म्हणून आपण त्याला तंजावरचा म्हणत नाही. तंजावरास सरस्वती महाल ग्रंथालय होते, कोणी तरी ती प्रत जपली, एवढेच त्यातून सिद्ध होते. जेथे तपासणी अधिक तेथे शोध अधिक. महाराष्ट्रात रुग्ण पुष्कळ होते हे खरेच. पण त्यांचे नमुने वाचणारी संस्था पुण्यात होती, हेही तितकेच खरे.

नोंद ठेवण्याची ही विद्या आता जिल्ह्यापर्यंत आलेली आहे. २०२० च्या आरंभी आपल्याकडचे नमुने पुण्यास, औरंगाबादेस पाठवून वाट पाहावी लागे. त्याच वर्षी नांदेड आणि लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात तपासणी सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात पन्नासच्या आसपास कावळे मरून पडले. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला की पितर तृप्त झाले असे समजतात. मेलेल्या कावळ्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. या वेळी कोणी तरी पाहिले, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, आणि तेथे एच५एन१ हा पक्ष्यांचा विषाणू निघाला. १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात एका हंसात सापडलेल्या वाणापासून जो वंश वाढला, त्याने २००६ मध्ये खानदेशातील नवापूरच्या कोंबड्या मारल्या होत्या. तो माणसामाणसांत अद्याप सहज पसरत नाही. पण सुटी पाने मिसळण्याची युक्ती त्यालाही येते. म्हणून उदगीरच्या कावळ्याची नोंद ही केवळ पशुवैद्याच्या वहीतली गोष्ट नव्हे. १९१८ साली लातूरच्या बाजारात माणसे मेली त्यांचा कागद नाही. २०२५ साली उदगीरला कावळे मेले त्यांचा आहे. शंभर वर्षांतली आपली प्रगती मोजायची तर या दोन वाक्यांत मोजता येते.

तरी ही प्रगती भुसभुशीत पायावर उभी आहे. साथ ओसरली की नमुने घेणे थंडावते, यंत्रे झाकली जातात, शिकवून तयार केलेली माणसे दुसऱ्या कामांना लागतात. त्याहून मोठा अडसर मनात आहे. १८९७ च्या प्लेगात लोकांनी आजारी माणसे माळ्यावर, कणगीआड लपवली, कारण नोंद झाली की घर उपसले जाई आणि माणूस छावणीत नेला जाई. २०२० मध्येही दारावर लागलेल्या फलकाने शेजारी तुटले. नोंद ही शिक्षा वाटू लागली की माणूस खोटे बोलतो, गाव खोटे बोलते आणि देशही खोटे बोलतो. मग विषाणू निवांतपणे आपली पोथी लिहीत बसतो. म्हणून ज्या गावाने आपला रुग्ण प्रथम दाखवला त्याला बोल न लावता त्याचे उपकार मानण्याची रीत आपण पाडली पाहिजे. हे काम प्रयोगशाळेचे नाही; ते आपल्या सर्वांचे आहे.

आणि इतिहासाच्या अभ्यासकांसाठी एक काम उरतेच. निजामी कारभाराची कागदपत्रे हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत आणि त्यांतील पुष्कळशी उर्दूत आहेत. गावोगावच्या जुन्या शाळांची हजेरीपटे, आडत्यांच्या रोजमेळी, देवस्थानांच्या आणि मठांच्या खर्चाच्या वह्या अजून कोठे कोठे माळ्यावर पडून असतील. १९१८ च्या आश्विन-कार्तिकात एखाद्या शाळेचा पट एकाएकी रिकामा झाला असेल, एखाद्या आडतीत पंधरा दिवस एकही नोंद पडली नसेल, एखाद्या मठाच्या वहीत सरपणाचा खर्च दुप्पट झाला असेल. ज्या तरुणाला उर्दू येते आणि ज्याला मोडी वाचता येते, अशा दोघांनी मिळून हे काम हाती घ्यावे. विषाणूच्या हातचा १९१८ चा कागद आपल्याला आता मिळायचा नाही. माणसाच्या हातचा मिळेल, तो कसरीच्या तोंडी जाण्यापूर्वी कोणी माळ्यावर चढले तर.